टांकसाळीचं उरलंसुरलं

आमचे मामू जहाजावर होते. कोकणी मुसलमानांच्या घरांत बोटीवर गेलेला कुणी ना कुणी असतोच. कुणी घड्याळ आणतो, कुणी अत्तर. मामूंनी इंग्लंडच्या रॉयल मिंटच्या नाण्यांचे दोन संच आणले होते. एक १९७० चा, जुन्या पौंड-शिलिंग-पेन्सचा शेवटचा, आठ नाण्यांचा. दुसरा १९७१ चा, नव्या दशमान नाण्यांचा, सहाचा. १५ फेब्रुवारी १९७१ ला इंग्रजांनी २४० पेन्सचा पौंड १०० पेन्सचा केला. आपण हे १९५७ मध्येच उरकलं होतं, हे मामू मोठ्या ऐटीत सांगत.

दोन्ही संचांत नाण्यांखेरीज एकेक गोल चकती होती. टांकसाळीचं टोकन. घडण तशीच, झळाळी तशीच, फक्त किंमत कुठंच छापलेली नाही. मामूंच्या पश्चात संच फोडले गेले. नाणी नातवंडांनी वाटून घेतली आणि टोकनं आमच्याकडे आली. मास्तर लोकांना काहीही चालतं, असा घरात समज आहे. पुढे मुंबईत एका नाणी विकणाऱ्याकडे अशीच टोकनं डबाभर पडलेली दिसली. अमेरिकेच्या संचांत फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर या टांकसाळींची पाकिटं वेगवेगळी, त्यांतून निघालेली ही टोकनं. "ले जाव सर, कोई पूछता नहीं," तो म्हणाला. आम्ही नऊ उचलली.

उपयोग हळूहळू सापडले. अल्बममध्ये प्रत्येक टांकसाळीच्या पानाचा पहिला कप्पा तिच्या टोकनाला दिला, म्हणजे पान उलटताच कळतं की पुढची नाणी कुठली. आपल्या नाण्यांना ती सोय नाही, तिथं मुलांना वर्षाखालची खूण शोधायला लावतो: मुंबईचा चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, काहीच नसेल तर कोलकाता. वर्गातून पाणी प्यायला जाणाऱ्यानं हातात एक टोकन घेऊन जायचं, ते परत आल्याशिवाय दुसऱ्यानं उठायचं नाही, हाही एक उपयोग.

सगळ्यांत मोलाचं ठरलं ते अर्धं घासलेलं टोकन. सातवीतल्या एका पोरानं आजीचा जुना आणा चिंच लावून लख्ख करून आणला होता. नाणं घासू नये, हे तोंडानं सांगून पटत नाही, घरात तांब्या घासल्याशिवाय ईद होत नाही ना! मग एका टोकनाची डावी बाजू दंतमंजनानं घासली, उजवी तशीच ठेवली आणि भिंग मुलांच्या हाती दिलं. डावीकडं ओरखड्यांचं जाळं. खऱ्या नाण्यावर हा प्रयोग करायची आमची छाती झाली नसती.

उर्दूत अस्सल भाषेला 'टकसाली जबान' म्हणतात. तो शब्द शिकवताना टोकन फिरवलं, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, हे टकसालचं आहे, मग चालत का नाही?" उत्तर म्हणून शेजारी २५ पैशांचं नाणं ठेवलं. त्यावर किंमत छापलेली आहे, पण ३० जून २०११ नंतर तेही चालत नाही. मुलं दोन्हींकडे बघत राहिली. एकाचं म्हणणं पडलं, चारआणे मोठे, ते कधीतरी चालले होते. मुलीला ते पटलं नाही. टोकनाला कुणी चालणार असं म्हटलंच नव्हतं, तर त्याची बेइज्जती कसली? तासाची घंटा झाली तरी वाद मिटला नव्हता.

आमच्या खात्यात 'संच' हा शब्द वेगळ्याच अर्थानं येतो. दरवर्षी संचमान्यता होते, पटावरची मुलं मोजून शिक्षक मंजूर होतात आणि उरेल तो 'अतिरिक्त'. यंदा पट घसरला. मुलं इंग्रजी शाळेत घालणाऱ्या पालकांना दोष देववत नाही. आमच्या सख्ख्या भावाचीही तिथंच आहेत. बी.एड.ची सनद कपाटात आहे, त्यावरचा शिक्काही खरा आहे, पण यादीत आमचं नाव आहे. समायोजन कुठल्या शाळेत होईल ते अजून कळलेलं नाही.

पाण्याचं टोकन वर्गातच राहू देणार आहोत, मुलांना त्याची सवय झाली आहे. अर्धं घासलेलं मात्र सोबत नेऊ. जिथं जाऊ तिथंही कुणीतरी चिंच लावून आणेलच.