रविवारच्या सुट्टीतली थेम्स

हॅमरस्मिथ स्टेशनातून बाहेर पडलं की आधी भेटतो तो उड्डाणपुलाचा गोंगाट. मोठ्या रस्त्याखालच्या भुयारी वाटेनं पलीकडे गेलं की गवताचा एक तुकडा लागतो आणि त्याच्या कडेला थेम्स. मी पोचले तेव्हा ओहोटी होती. लंडनमधल्या थेम्सला समुद्राची भरती-ओहोटी आहे, हे आपण विसरतो. दिवसातून दोनदा इथलं पाणी उलट्या दिशेनं वाहतं, आणि ओहोटीला काठाचा करडा गाळ उघडा पडतो. इथल्या बोट क्लबांचा दिवस भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालतो.

नदीकाठच्या चिंचोळ्या रस्त्याचं नाव लोअर मॉल. जुनी घरं, पब आणि त्यांच्या मधोमध फर्निव्हल स्कलिंग क्लब. बोटघराचं दार उघडं होतं. आतून आठ जणी एक लांबलचक बोट घेऊन बाहेर आल्या. आठ जणांची ही बोट सतरा-अठरा मीटर लांब असते आणि तिचं वजन शंभर किलोच्या आतबाहेर. पुढे चालणारी कॉक्स, म्हणजे सुकाणू सांभाळणारी, हाका देत होती. पहिल्या हाकेला बोट खांद्यावरून डोक्यावर गेली, दुसरीला उलटी होऊन कमरेपर्यंत आली. गमबूट घातलेल्या पोरी गाळात उतरल्या आणि बोट अलगद पाण्यावर टेकली. पुण्यात बोट क्लबची रेगाटा, म्हणजे बोटींच्या शर्यतींचा सोहळा, पाहिलेल्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. मी मात्र इथे आले होते ती हा क्लब कोणासाठी सुरू झाला, ते ठाऊक होतं म्हणून.

फ्रेडरिक फर्निव्हल (१८२५–१९१०) हा भाषापंडित. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाचं काम ज्यांनी उभं केलं, त्यांतला एक. तरुणपणापासून त्याला वल्हवण्याचं वेड होतं. त्या काळी इंग्लंडमधल्या हौशी रोइंगच्या संघटनेचा नियम असा, की जो हातानं काम करून पोट भरतो, मग तो सुतार असो, कारागीर असो की मजूर, तो हौशी खेळाडूच नव्हे. फर्निव्हलला हे सहन होईना. १८९० मध्ये कष्टकऱ्यांना सामावून घेणारी वेगळी संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीत तो पुढे होता. पण बायका तिथेही बाहेरच राहिल्या.

ब्रिटिश म्युझियमजवळच्या न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एबीसी कंपनीचं चहाचं दुकान होतं. एकट्यादुकट्या बाईला सोबत पुरुष नसतानाही निवांत बसता येईल, अशा लंडनमधल्या मोजक्या जागांपैकी ही दुकानं. फर्निव्हलची रोजची बैठक तिथे असे. चहा आणून देणाऱ्या मुली दिवसभर उभ्या राहून राबतात आणि मोकळी हवा त्यांच्या वाट्याला येत नाही, हे तो पाहत होता. १८९६ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यानं हॅमरस्मिथला खास मुलींसाठी स्कलिंग क्लब काढला. स्कलिंग म्हणजे दोन हातांत दोन वल्ही. कष्टकरी मुलींना सुट्टी रविवारची, म्हणून नदीवर जायचं तेही रविवारी. रिचमंडपर्यंत वल्हवत जायचं, बरोबर आणलेलं खायचं आणि परत यायचं. जाऊन-येऊन जवळजवळ चौदा मैल. पुरुषांना या क्लबात प्रवेश मिळाला तो १९०१ मध्ये.

स्त्रियांच्या रोइंगचा इतिहास बहुतेक वेळा विद्यापीठांपासून सांगितला जातो. मला तो इथून सांगावासा वाटतो. चौदा मैल वल्हवणाऱ्या त्या मुलींनी, बाईच्या अंगात हा दम आहे, हे कोणी विचारण्याआधीच दाखवून दिलं होतं.

हॅमरस्मिथचा झुलता पूल १८८७ चा. तडे सापडल्यामुळे २०१९ पासून मोटारींना बंद आहे, त्यामुळे चालणाऱ्यांना तो शांतपणे ओलांडता येतो. पलीकडच्या काठानं झाडीतून पायवाट जाते ती थेट पटनीपर्यंत. पटनीच्या पुलाजवळ काठावर एक दगड आहे, 'यूबीआर' अशी अक्षरं कोरलेला. ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोट रेस इथून सुटते आणि भरतीच्या पाण्याबरोबर मॉर्टलेकला संपते. अंतर जवळजवळ ६.८ किलोमीटर.

पुरुषांची ही शर्यत १८२९ पासूनची. मुलींची पहिली लढत १९२७ मध्ये झाली, पण ऑक्सफर्डच्या नदीवर. दोन्ही बोटी एका वेळी पाण्यात उतरवायच्या नाहीत, अशी अट होती. गुण द्यायचे ते वल्हवण्याच्या डौलाला आणि वेळेला. डौलावर निकाल लागेना, तेव्हा वेळ पाहिली आणि ऑक्सफर्ड पंधरा सेकंदांनी जिंकलं. काठावर विरोध करायला पुरुषांची गर्दी जमली होती. तरण्या मुलींचा डौल मोजायचा आणि त्यांना समोरासमोर भिडू द्यायचं नाही, हे वाचताना मला आजही चीड येते.

पटनीच्या या दगडाशी मुली पोचल्या त्या २०१५ मध्ये. पुरुषांच्याच दिवशी, त्याच पाण्यात, तेवढ्याच अंतरासाठी. त्या वर्षी ऑक्सफर्ड जिंकलं. पुढच्या वर्षी वारा सुटला, लाटा उसळल्या आणि केंब्रिजच्या मुलींची बोट पाण्यानं भरत गेली. काठाला घेण्याची मुभा होती. त्या थांबल्या नाहीत. हरल्या, पण शर्यत पुरी केली.

ही कथा पुढे थेम्सच्याच काठच्या हेन्लीला जाते. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनातून निघून ट्वायफर्डला गाडी बदलली की हेन्ली. इथे नदी सरळ आहे आणि गाव देखणं. १८३९ पासून चालत आलेली इथली रॉयल रेगाटा म्हणजे रोइंगची पंढरी. पण बायकांसाठी ती फार काळ बंद होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निमंत्रितांच्या शर्यती झाल्या आणि बंदही पडल्या. मग बायकांनी १९८८ मध्ये आपली वेगळी हेन्ली विमेन्स रेगाटा सुरू केली. रॉयलमध्ये एकेरी स्कल्सची कायमची शर्यत आली १९९३ ला, पहिली विजेती स्वीडनची मारिया ब्रांडीन. आठ जणींची शर्यत आली २००० मध्ये. शेजारचा मातब्बर लिअँडर क्लब १९९८ मध्ये स्त्रियांना सभासद करून घेऊ लागला. स्ट्यूअर्ड्स एन्क्लोजर नावाच्या मानाच्या कुंपणात बायकांना पँट घालून बसायला परवानगी मिळाली, तेव्हा २०२१ साल उजाडलं होतं.

ऑलिम्पिकची कथाही याच चालीची. बायकांचं रोइंग आलं १९७६ मध्ये, माँट्रिअलला, आणि तेही १००० मीटरपुरतं. पुरुषांच्या निम्मं. पूर्ण २००० मीटर मिळाले १९८८ मध्ये. पुरुष आणि स्त्रियांना सात-सात शर्यती मिळाल्या त्या टोकियोत. फर्निव्हलच्या मुलींचे चौदा मैल आठवले, की बायकांना हजार मीटरच झेपतील, या काळजीला काही आधार होता असं म्हणवत नाही.

हेन्लीला जायचा बेत असेल तर जूनमध्ये, विमेन्स रेगाटाच्या दिवसांत जा. रॉयलच्या मानाच्या कुंपणात सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांनाच जागा असते. जूनच्या या रेगाटात शाळकरी मुलींपासून ऑलिम्पिकवाल्यांपर्यंत सगळ्या जणी एकाच नदीत उतरतात. ती रेगाटा त्यांनी स्वतः उभी केली आहे, म्हणून आधी ती पाहावी.