बटण बंद होतं

रविवारी आईच्या खोलीत लाईटवाला पंखा बसवायचा होता. चार वायरी तर जोडायच्या, म्हणून वायरमनला बोलावलं नाही. बटण बंद केलं, स्टुलावर चढलो आणि जुन्या पंख्याची वायर सोडवताना असा झटका बसला की हात खांद्यापर्यंत बधिर. स्टूल प्लास्टिकचं होतं, म्हणून ही पोस्ट लिहितोय.

मेन स्विच पाडला, वायरमनला फोन केला. त्याने बोर्ड उघडून दोन मिनिटांत दाखवलं. बटण फेजवर नव्हतंच, न्यूट्रलवर होतं. म्हणजे पंखा थांबायचा, पण छताला वीज २४ तास तशीच.

लाईटवाल्या पंख्याला वर चार वायरी लागतात. पंख्याचा फेज, लाईटचा फेज, दोघांत मिळून एक न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. रेग्युलेटर फक्त पंख्याच्या फेजवर, नाहीतर एलईडी लुकलुकत बसतो. आमच्या छताला दोनच वायरी. हिरवी तर अख्ख्या घरात नाही! प्लगचं वरचं मोठं भोक आतून रिकामं. सोळा वर्षं त्यावर फ्रिज आणि वॉशिंग मशीन चाललंय.

जुनी फाईल काढली. वीजजोडणी घेताना लायसनवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो आहे. सही आहे, शिक्का आहे, अर्थिंग बरोबर असल्याचंही लिहिलंय. तो माणूस आमच्या घरी कधी आलाच नव्हता. कागद मीच पैसे देऊन आणला होता, आणि काम पटकन झालं म्हणून खूशही झालो होतो.

वीस वर्षं बातम्या देतोय. कूलरला हात लागला, ओल्या भिंतीला हात लागला, की चार ओळींची बातमी. नाव, वय, गाव, अकस्मात मृत्यूची नोंद. घराला अर्थिंग होतं का, टेस्ट रिपोर्टवर सही कुणाची, हे एकदाही विचारलं नाही. विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसला एक फोन केला नाही.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ म्हणणाऱ्यांनो, तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडतो. माणसाच्या अंगातून करंट गेला तर त्याला पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, घराला ३० मिलिअँपिअरचा.

आता भिंती फोडायचं काम निघालंय. पंखा खोक्यातच आहे. आई रोज विचारते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी ठेकेदार खरंच येऊन, तपासून, मग सही करून गेला असेल तर कळवा. नावासकट बातमी लावतो.