जोतं

राजापूरच्या पुढचं आमचं गाव. तिथलं घर गेलं त्याला आता चाळीस वर्षं होत आली. गेलं म्हणजे एका रात्रीत पडलं असं नाही. आधी माणसं मुंबईला गेली. मग एका पावसाळ्यात मागच्या पडवीची कौलं सरकली, ती कुणी सारखी केली नाहीत, आणि पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरलं. मातीच्या भिंतीला पाणी वरून मिळालं की ती कोसळत नाही, बसते. म्हैस बसते तशी, पाय दुमडून. वासे, चौकटी, दारं कुणी विकली, कुणी नेली. उरलं ते जांभ्याच्या चिऱ्यांचं जोतं, ओटीच्या चार पायऱ्या, तुळशीवृंदावन आणि विहीर. बाकी सगळी घाणेरी.

या जोत्यावर यंदा मार्गशीर्षात आम्ही धातुशोधक यंत्र फिरवलं. आम्ही म्हणजे मी, माझा धाकटा मुलगा आणि शहाऐंशी वर्षांची आत्या. यंत्र धाकट्यानं मागवलेलं. आत्या गड्यानं आणून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर पदर, हातात काठी.

आत्या पायाळू. लहानपणी गावात कुणाच्या कंबरेत उसण भरली की तो माणूस आमच्या ओटीवर येऊन पालथा पडायचा आणि आत्या त्याच्या पाठीला पाय लावायची. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं असंही म्हणतात. त्या समजापायी या महाराष्ट्रात काय काय झालंय ते आपल्याला ठाऊक आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांचा उल्लेख उगीच आलेला नाही. आत्याच्या वाट्याला सुदैवानं फक्त दुखऱ्या कंबरा आल्या. आणि एक टोमणा. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी, ती नऊ वर्षांची असताना, तिच्या डाव्या पायातली चांदीची तोरडी हरवली. "पायाळूला म्हणे पुरलेलं दिसतं, हिला पायातलं दिसेना," असं घरातलं कुणीतरी म्हणालं, ते तिनं आजवर जपून ठेवलंय.

तोरडी शेवटपर्यंत मिळाली नाही. आळ गेला तो भात कांडायला येणाऱ्या बाईवर. तिला उघड कुणी काही बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून कांडायला दुसरी बाई आली. त्या पहिल्या बाईचं नाव आत्याला पक्कं आठवतं. मी ते इथं लिहीत नाही.

यंत्राचं काम तसं सोपं आहे. खालच्या थाळीतल्या वेटोळ्यातून वीज खेळते, तिचं चुंबकी क्षेत्र जमिनीत शिरतं, तिथं धातू असला तर त्याच्या अंगातही वीज भोवरे घालू लागते, आणि तो थरकाप दुसरं वेटोळं टिपतं. लोखंडाला आकडा खालचा, तांब्या-चांदीला वरचा. पण हे सगळं पुस्तकात. आमच्या अंगणात थाळी टेकवली मात्र, यंत्र जे बोंबलायला लागलं ते थांबेचना. इथं ठेवा, तिथं ठेवा, सगळीकडे बोंब. धाकट्याला वाटलं, यंत्र बिघडलेलं पाठवलं. मग लक्षात आलं. जांभा लाल का असतो? लोखंडानं. कोकणातली माती म्हणजे अर्धी गंजलेली वस्तूच. जमिनीत काय आहे असं यंत्राला विचारावं, तर जमीनच म्हणते, मी आहे.

तेव्हा आधी यंत्राला माती शिकवावी लागते. थाळी जमिनीवर वर-खाली, वर-खाली करत राहायचं, अगदी सुपानं पाखडल्यासारखं, जोवर मातीचा आवाज विझत नाही तोवर. अर्धा तास त्यातच गेला. "ऐकायला कान हवेत, तोंड नको," आत्या खुर्चीतून म्हणाली.

मग घर बोलायला लागलं. आधी खिळे. गावच्या लोहारानं ठोकलेले, चौकोनी अंगाचे, मातीचा गोळा धरून बसलेले. पाच-सहा निघाल्यावर धाकट्यानं एकेका ठिकाणी काडी रोवायला सुरुवात केली, आणि घटकाभरानं मागे सरून पाहिलं तर काड्या एका रेषेत. हातभर अंतरावर एक, हातभर अंतरावर एक. कौलांखालची रीप होती ती. रीप कुजून गेली, तिची माती झाली, त्या मातीत आघाडा उगवला. पण खिळे जिथं पडले तिथंच, रांग न मोडता. मी गुडघ्यावर बसून त्या काड्यांकडे बराच वेळ पाहत राहिलो. पडवी कुठं संपत होती यावर आम्हा भावंडांत वाद होता. तो तिथं मिटला.

माजघराच्या उंबऱ्याशी कडी-कोयंडा मिळाला. चुलीच्या जागेवर काही नाही. मातीची चूल, लाकडाची पळी, करवंटीचं उलथणं, यांचा आवाज कुठून येणार? त्या खोलीत चार पिढ्यांच्या बायका दिवसाचे बारा तास उभ्या होत्या आणि यंत्र तिथून मुक्यानं पुढं गेलं. ओटीवर, पुरुष बसत तिथं मात्र चिल्लर. पायरीच्या फटीत भोकाचा पैसा होता. महायुद्धात धातूची टंचाई, म्हणून सरकारनं 1943 पासून मधोमध भोक पाडून काढलेला. अंगठ्यानं माती पुसली तर हिरव्या गंजाखाली 1944. "माझ्याहून लहान," आत्या म्हणाली आणि तो करंगळीत घालून पाहिला. बसला नाही. वरच्या थरात अर्थात आमच्या काळाची कृपा, बाटल्यांची बुचं आणि गोळ्यांची चंदेरी पानं.

गावातली दोन-तीन माणसं गडग्यापाशी येऊन उभी राहिली. हंडा सापडला का, हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण तो तिथं होता. खरं तर 1878 चा कायदा अजून लागू आहे: पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही मिळालं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपयांत आज जेमतेम चहा येतो. तरी कायदा असावा असंच मी म्हणेन. गडकिल्ल्यांवर रात्रीबेरात्री असली यंत्रं घेऊन फिरणाऱ्यांना मी चोर मानतो. आम्ही आमच्याच जोत्यावर, आमचंच हरवलेलं शोधत होतो. हंडा पुरणारा माणूस जागा निवडतो ती कुणी पाय ठेवणार नाही अशी. हरवतं ते माणसं राबतात, धावतात, वाकतात तिथं. इंग्लंडात सफोकमध्ये 1992 साली एक जण शेतकरी मित्राचा हातोडा शोधायला असंच यंत्र घेऊन शेतात गेला आणि त्याला रोमन काळातली सुमारे पंधरा हजार नाणी लागली. तो हातोडाही पुढे मिळाला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. मला त्या गोष्टीत हातोडाच जास्त आवडतो.

दुपारपर्यंत न्हाणीची वाट दोनदा पालथी घातली. तोरडी न्हाणीच्या वाटेवर पडली हे घरात सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येक आवाजाला आत्या काठीवर जोर देऊन उठायची, आणि खिळा बघून बसायची. ती थकू नये म्हणून मी तिला ग्रॅहम बेलची गोष्ट सांगितली. 1881 साली अमेरिकेच्या अध्यक्षांना, गारफील्डना, गोळी लागली. ती शरीरात कुठं अडकलीय ते कळावं म्हणून टेलिफोनवाल्या बेलनं धातू ऐकणारं यंत्र केलं. पण पलंगाच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा, त्यांचाच आवाज. आणि मुख्य डॉक्टरांचं ठाम मत की गोळी उजव्या अंगाला आहे, म्हणून त्यांनी उजवीकडेच शोधू दिलं. अध्यक्ष सप्टेंबरात वारले. गोळी डावीकडे होती.

आत्या काही बोलली नाही. खिळ्यांचा ढीग काठीनं सारखा करत राहिली. उन्हं माडांच्या मागे गेली. धाकटा खणलेले खड्डे बुजवत होता, माती दाबून वर गवताची ढेप बसवत होता.

"न्हाणीकडं नव्हते मी गेले," ती म्हणाली.

आम्ही थांबलो.

"विहिरीकडं गेले होते. कासव बघायला. वाकून. तिकडं जायची सक्त मनाई होती मला."

धाकट्यानं यंत्र उचललं. पडद्यावर बॅटरीचं चिन्ह दोनदा लुकलुकलं आणि पडदा काळा झाला. विहिरीच्या काठाशी गवत गुडघाभर होतं, तेही कापावं लागणार.

आत्या उठली. खुर्ची तिनं तिथंच राहू द्यायला सांगितली.

"रात्रीत होईल ना रे ते चार्ज?"