मालोजीराजांचं गोत

बारामती एमआयडीसीत पहिली पाळी सुटली की आमच्या दाराशी हमखास कुणीतरी रुमाल घेऊन उभं असतं. अंगात अजून कंपनीचा शर्ट, आणि बगलेत लाल कापडात बांधलेलं आज्याचं दप्तर. २०२३पासून कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तशी मोडी वाचणाऱ्यांना गावोगाव मागणी आली. त्याआधी हा उद्योग म्हणजे रिकामपणचे धंदे समजले जात. बायकोही त्याच मताची होती.

आलेल्या मंडळींपैकी निम्म्यांकडे वंशावळ आधीच तयार असते, फ्लेक्सवर छापलेली. वर मूळ पुरुष, खाली बाण, त्याखाली मुलगा, पुन्हा बाण. मी विचारतो, या आजोबांना भाऊ किती होते? यांची बायको कुठली? तिचं माहेर कुठलं? समोरचा गोंधळतो. बायकांची नावं वंशावळीत घालायची असतात हेच त्याला नवीन असतं. सरदार घराण्यांची वंशावळ वाचताना ही उभी रेघ सगळ्यात कमी कामाची, असं माझं ठाम मत आहे. घराणं कळतं ते आडव्या रेघांनी: भाऊ, मेहुणा, व्याही, चुलता. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्याच शेजारच्या तालुक्यात पडून आहे आणि त्याचीही आपण सरळ रेघच पाठ केली आहे. बाबाजी, मालोजी, शहाजी, शिवाजी. चार नावं आणि तीन बाण.

मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. साल साधारण १६०६ धरतात. बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता सणसर, लासुर्णे, निमगाव केतकीवरून जातो. आषाढात याच वाटेनं तुकोबांची पालखी जाते. पालखीबरोबर चालणाऱ्या लाखभर माणसांना इंदापूरच्या मुक्कामात गढीचा उंचवटा दिसतो, पण तिथं कोण पडलं आणि का, हे सांगणारा क्वचित भेटतो. का पडले याचं उत्तर नकाशात आहे. एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला नीरा, आणि नरसिंहपूरला दोघींचा संगम. या बेचक्यातला मुलूख म्हणजे निजामशाही आणि आदिलशाहीची शीव. शिवेवरच्या ठाण्याला शांतता परवडत नाही. त्यात १६०० साली अहमदनगर मोगलांनी घेतलं, चांदबिबी मारली गेली आणि मलिक अंबरनं दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून निजामशाही परांड्यापासून पुन्हा उभी करायला घेतली. अशा पडझडीत एखाद्या सरदाराकडे पुणे, सुप्याचा मोकासा असणं म्हणजे मान कमी आणि जबाबदारी जास्त.

मोकासा आणि वतन यांतला फरक इथं नीट समजून घ्यायला हवा, कारण या घराण्याची सगळी कुंडली त्यावर आहे. वतन वंशपरंपरेचं. पाटीलकी, देशमुखी विकत घेता येते, गहाण टाकता येते, भावाभावांत वाटता येते. मोकासा मात्र चाकरीपोटी तोडून दिलेला महसूल. सरदार मेला, सुलतानाची मर्जी फिरली की मोकासा सरकारजमा. मालोजींचे वडील बाबाजी यांच्याकडे हिंगणी, बेर्डी आणि देवळगावची पाटीलकी होती. ही गावं आजच्या दौंड तालुक्यात, आमच्यापासून फार लांब नाहीत. शिवाय वेरूळची पाटीलकी. नागपूरकर भोसलेही आपलं मूळ हिंगणीचंच सांगतात. म्हणजे बाबाजींचा पाय वतनाच्या खडकावर होता. मालोजी आणि विठोजी हे दोघे भाऊ शिलेदारी करत मोकाशाच्या वाळूवर उतरले.

युरोपातला एक सरदार मला मालोजींच्या शेजारी नेहमी ठेवावासा वाटतो. फ्रान्समधल्या कूसीचा आँगराँ सातवा. बार्बरा टकमन यांनी १९७८ साली चौदाव्या शतकावर मोठा ग्रंथ लिहिला तो याच माणसाच्या आयुष्याभोवती गुंफला. हा १३६० साली इंग्लंडमध्ये ओलीस म्हणून गेला आणि १३६५मध्ये इंग्लंडच्या राजाचा, तिसऱ्या एडवर्डचा, जावई झाला. राजकन्येचं नाव इझाबेला. सासरा इंग्लंडचा, धनी फ्रान्सचा, आणि दोघांत शंभर वर्षांचं युद्ध. सासरा गेल्यावर १३७७ साली त्यानं इंग्लंडची निष्ठा सोडली. दोन मुली होत्या, एक फ्रान्सकडे राहिली, एक इंग्लंडच्या सरदाराला दिली होती. १३९६ला निकोपोलिसच्या लढाईत तो तुर्कांच्या हाती सापडला आणि पुढच्या वर्षी बुर्साला कैदेत मेला. मुलगा नव्हता. थोरल्या मुलीनं, मारीनं, कूसीची जहागीर राजाच्या भावाला, ऑर्लेआँच्या ड्यूकला, विकली. तिथली जहागीर आपल्या वतनासारखी: लेकीकडे जाते, बाजारात येते. पण वारस पुरुष नसला की घराणं एका खरेदीखतात संपतं.

मालोजींच्या मागे मुलगे होते, दोन. शहाजी आणि शरीफजी. ही नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दोघं लहान होती, आणि मोकासा ही लेकराच्या नावावर राहणारी गोष्टच नव्हे. तरी तो राहिला. का राहिला, या प्रश्नातच मला या घराण्याचं खरं चरित्र दिसतं. त्याचं उत्तर विठोजी.

विठोजी भोसले हा आपल्या इतिहासातला सगळ्यात दुर्लक्षित चुलता असावा. कवींद्र परमानंदानं शिवाजीमहाराजांच्या काळात रचलेल्या शिवभारतात त्याची भूमिका स्पष्ट आहे: भाऊ पडल्यावर पुतण्यांना त्यानं आपल्या मुलांबरोबर वाढवलं आणि निजामशहाकडून मुलूख पुतण्यांच्या नावे चालू ठेवला. विठोजीला स्वतःचे आठ मुलगे होते. संभाजी, खेळोजी, मालोजी, मंबाजी, नागोजी, परसोजी, त्र्यंबकजी आणि ककाजी. आठ मुलगे पदरात असताना भावाच्या पोरांचा मोकासा आपल्याकडे न वळवणं ही सरदारांच्या जगात सोपी गोष्ट नव्हती. त्या काळचे भाऊबंदकीचे महजर वाचणाऱ्याला तिचं मोल कळेल. गोतसभा बसलेली, पाटील नांगराची खूण करतोय, सुतार किंकऱ्याची, आणि वाद काय तर चुलत्यानं पुतण्याचं घर बळकावलं. असे कागद शेकड्यानं आहेत. दुसऱ्या बाजूचे, चुलत्यानं राखलं म्हणणारे, फारच थोडे, कारण जिथं तंटा नाही तिथं कागद होत नाही.

दुसरी आडवी रेघ नीरेपलीकडे जाते. मालोजींची पत्नी उमाबाई, बखरींत दीपाबाई, ही फलटणच्या निंबाळकरांची लेक. निंबाळकर देशमुख, म्हणजे वतनदार, आणि त्यांची चाकरी बहुतेक काळ आदिलशाहीची. निजामशाही सरदाराला आदिलशाही सासुरवाड. कूसीच्या आँगराँची अडचण मालोजींना नवी वाटली नसती. फरक इतकाच, की दख्खनेत अशी सोयरीक अडचण नसून तरतूद होती. एक शाही बुडाली तर दुसऱ्या शाहीत आपलं माणूस असावं. ही गाठ भोसल्यांनी पुढेही सोडली नाही. नातू शिवाजीराजांची पहिली राणी सईबाई फलटणची, आणि पणती सखुबाई फलटणलाच बजाजी निंबाळकरांच्या मुलाला, महादजीला, दिली. बारामतीहून नीरा ओलांडून तासाभरात फलटण येतं. आमच्याकडे आजही मुलगी फलटणला देणं म्हणजे शेजारच्या आळीत देण्यासारखं. तेव्हाही तसंच असावं.

आता जाधवांकडे. सिंदखेडला रंगपंचमीचा बार, लहानगी जिजा शहाजीवर रंग टाकते, तिचे वडील लखुजी जाधव कौतुकानं जोडा शोभतो म्हणतात आणि मालोजी भर सभेत आम्ही व्याही झालो म्हणून जाहीर करतात. मग जाधवांच्या घरात नाराजी, भोसल्यांचं निघून जाणं, भवानीच्या कृपेनं शेतात सापडलेलं धन, ते चांभारगोंद्याच्या शेषो नाईक पुंड्याकडे ठेवणं, मेहुणा जगपाळराव पाठीशी उभा राहणं आणि शेवटी निजामशहाच्या मध्यस्थीनं लग्न. गोष्ट फर्मास आहे. पण ती उत्तरकालीन बखरींची. शिवभारतात रंगपंचमी नाही. तिथं लखुजी आपण होऊन मुलगी देतात, आणि तेही मालोजी गेल्यानंतर.

इथं थोडा हिशेब करू. शहाजीराजांचं जन्मसाल कुणी १५९४ देतं, कुणी १५९९. शिवभारताप्रमाणे मालोजी पडले तेव्हा शहाजी पाच वर्षांचा, म्हणजे जन्म १६०१च्या सुमाराचा. जिजाबाईंचा जन्म परंपरेनं १५९८. तिन्ही माहित्या एकदम खऱ्या धरल्या तर नवरी नवऱ्यापेक्षा मोठी ठरते, जे त्या काळच्या रीतीत बसत नाही. कुठलीतरी खुंटी हलवावी लागते. मी शिवभारताचा क्रम मानतो, पण पाच हा आकडा अक्षरशः घेत नाही. कवी आपल्या धन्याच्या बापाचं पोरकेपण थोडं कोवळं करून सांगणारच. क्रम बदलण्यात मात्र त्याचा काही फायदा नव्हता, उलट खुद्द शिवाजीमहाराजांच्या दरबारात तो उघडा पडला असता. रंगपंचमी मी सोडून देतो. वाईट वाटतं, पण देतो. आणि ती सोडली की सोयरीक जमवणारा हात मालोजींचा राहत नाही, विठोजींचा होतो.

सालांचा आणखी एक घोळ वाचकांना सांगायला हवा, कारण त्यावरून मला फोन येतात. एकाच घटनेचं साल एक पुस्तक १६०५ म्हणतं, दुसरं १६०६. निजामशाही-आदिलशाही कागदांत सुहूर सन असतो. समजा कागदावर ‘सन सित अलफ’ आहे. सित म्हणजे सहा, अलफ म्हणजे हजार: १००६. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं, म्हणून ते इसवीच्या दोन सालांत विभागलं जातं, १६०५ आणि १६०६. महिना आणि चंद्र, म्हणजे तारीख, नसेल तर तुम्ही दोन्हींपैकी काहीही लिहा, चूक कुणी काढू शकत नाही. जन्माची साक्ष बहुतेक वेळा मिळतच नाही, आणि मृत्यू कळतो तो नाव कागदात यायचं थांबतं त्यावरून.

विठोजींनी जोडून ठेवलेल्या घराचं पुढच्या पिढीत काय झालं? सरदार खंडागळ्यांचा हत्ती सगळ्यांना आठवतो. निजामशाही दरबार सुटताना हत्ती बिथरला, लखुजींचा मुलगा दत्ताजी त्याच्यावर धावला, विठोजींचे संभाजी आणि खेळोजी खंडागळ्यांच्या बाजूनं उभे राहिले. संभाजीनं दत्ताजीला मारलं, परत फिरलेल्या लखुजींनी संभाजीला. शहाजीराजे त्यात जखमी झाले. एका हत्तीपायी दोन सोयऱ्या घरांतला एकेक मुलगा गेला. काहीच काळानं, १६२४ला, भातवडीच्या लढाईत जावई मलिक अंबराकडून आणि सासरा मोगलांकडून. तिथं शरीफजी पडला. १६२९ला खुद्द लखुजी मुलांनातवासह निजामशहाच्या दरबारात मारले गेले. खेळोजी काही काळ मोगलांकडे गेला. मंबाजी १६५९ला अफजलखानाच्या फौजेत होता, म्हणजे विठोजींचा मुलगा मालोजींच्या नातवावर चालून आला.

याला फितुरी म्हणून मोकळं होणारे वक्ते आमच्या भागात पुष्कळ आहेत, विशेषतः जयंतीच्या दिवसांत. मला ते पटत नाही. मोकासा ज्याच्याकडून, चाकरी त्याची, हा त्या व्यवस्थेचा साधा नियम होता आणि मंबाजी त्याच नियमानं चालला. नियम मोडला तो नातवानं. त्यानं मोकाशाचं राज्य केलं. त्याची सुरुवातही आमच्याच तालुक्यात झाली असं म्हणायला जागा आहे: १६५६ला सुप्यात त्यानं सावत्रमामा संभाजी मोहित्यांना कैद करून ठाणं ताब्यात घेतलं. मोहिते शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाईंचे भाऊ, आणि तुकाबाईंचा मुलगा व्यंकोजी पुढे तंजावरचा राजा. त्याच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजींनी १८०३मध्ये भोसल्यांचा सगळा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. कावेरीच्या काठी, दगडात.

दारात रुमाल घेऊन येणाऱ्यांना, आणि न येणाऱ्यांनाही, शेवटी काही सांगणं आहे. जुने कागद लॅमिनेट करू नका, लॅमिनेशनमध्ये ते गुदमरून जातात आणि पुन्हा सोडवता येत नाहीत. चिकटपट्टी लावू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कोऱ्या वाटणाऱ्या पाठीवरच बऱ्याचदा तारीख आणि शिक्का असतो. मूळ कागद वाचून देतो म्हणून कुणाकडे ठेवून येऊ नका, अगदी माझ्याकडेही. पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथं विचारा. आणि फ्लेक्स छापायचाच असेल तर छापण्याआधी घरातल्या थोरल्या आत्याला बसवून प्रत्येक बायकोचं माहेर आणि प्रत्येक लेकीचं सासर लिहून घ्या. हे काम याच दिवाळीत करा, आत्या भाऊबीजेला घरी येणारच आहे.