एका पावसाळ्याचें वाचन

"यंदा आपण काय वाचलें?" असें कोणी विचारलें तर शिक्षकास आनंद व्हावा. संपादकमंडळानें तोच प्रश्न मला केला, तेव्हां मात्र मी क्षणभर घोटाळलों. पुस्तकांची यादी देण्यास हरकत नव्हती. परंतु गेल्या पावसाळ्यांत मीं जीं पुस्तकें वाचलीं, तीं माझ्या आवडीनें निवडलेलीं नव्हतीं. एका विद्यार्थ्याच्या प्रश्नानें तीं माझ्या हातीं दिलीं. म्हणून त्या प्रश्नापासूनच आरंभ करणें प्राप्त आहे.

गेल्या माघी पौर्णिमेच्या सुमारास आम्ही कांहीं शिक्षक व वसतिगृहांतील थोरले विद्यार्थी मिळून कचारगडास गेलों होतों. ज्या वाचकांनीं हें स्थान पाहिलें नसेल त्यांच्याकरितां सांगतों, कीं तें आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांत, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या डोंगरांत आहे. नागपूर-हावडा लोहमार्गावरील दरेकसा हें जवळचें स्टेशन. धनेगांवाहून पायीं निघावें. दाट रान, मग चढण, आणि शेवटीं समोर येणारी ती प्रचंड गुहा. यात्रेच्या दिवसांत महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा दूरदूरच्या मुलखांतून गोंड बांधव येथें लोटतात. पिवळे फेटे, पिवळे ध्वज, ढोलांचा घोष, आणि भेटेल त्यास "जय सेवा"!

गुहेच्या तोंडाशीं आमच्याबरोबरचा नववींतील एक गोंड विद्यार्थी थांबला. वर्गांत तो फारसा बोलत नाहीं. येथें मात्र तो आपल्या सोबत्यांस सांगूं लागला, कीं याच गुहेंत आपल्या पूर्वजांस, तीं लहान मुलें असतांना, कोंडून ठेविलें होतें; तोंडावर मोठी शिळा होती; लिंगोनें त्यांस सोडविलें; आणि ती शिळा ढकलणारा वीर तिच्याच खालीं सांपडून मेला. ही सारी हकीकत त्यानें आपल्या आजीच्या तोंडून ऐकली होती. सांगतांना त्याचा आवाज कांपत होता. मीं सहज म्हटलें, "गोष्ट चांगली आहे हो."

तो माझ्याकडे वळला व नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, हीच गोष्ट मीं निबंधांत लिहिली होती. आपण तीवर काट मारली."

मला आठवलें. 'माझें गांव' या विषयावरील निबंधांत त्यानें दीड पान भरून ही कथा लिहिली होती, आणि मीं तांबड्या शाईनें ती खोडून बाजूस शेरा दिला होता : "ऐकीव गोष्ट. पुस्तकाचा आधार द्यावा."

"मग गुरुजी," तो पुढें म्हणाला, "ही गोष्ट कोणत्या पुस्तकांत आहे, तें आपण सांगाल काय?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. वीस वर्षें मी या भागांत शिकवीत आहें. दरेकशाच्या डोंगरांतून आगगाडीनें कितीदां तरी गेलों असेन. परंतु त्या डोंगराची कथा कोणीं लिहिली आहे काय, हें मीं कधीं शोधलें नव्हतें. ज्या आधाराची मागणी मीं मुलापाशीं केली, तो मला स्वतःलाच ठाऊक नव्हता. परततांना मी त्यास एवढेंच म्हणालों, "बाळ, पावसाळा संपण्यापूर्वीं मी तुला सांगेन."

मृगाचा पाऊस पडला, बांधींत पऱ्हे हिरवे झाले, आणि मी वाचावयास बसलों.

पहिलें पुस्तक मला नागपुरच्या एका स्नेह्यानें जुन्या प्रतीचीं पृष्ठें उतरवून पाठविलें. तें रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्या कागदपत्रांचें पुस्तक होय. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. १८८३ सालीं स्थापन झालेलें नागपुरचें हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवाचें. हे गृहस्थ नुसते उपदेशक नव्हते. दगड, जीवाश्म, भाषा, रानांतील माणसें, या सर्वांविषयीं त्यांस सारखीच जिज्ञासा होती. ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटाहून बोरीकडे परततांना पुरानें फुगलेल्या ओढ्यांत ते बुडून मृत्यु पावले. टिपणें तशींच राहिलीं. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनीं तीं जुळवून १८६६ सालीं छापलीं.

त्यांत लिंगोचें गीत आहे! एका परधानाच्या मुखांतून उतरून घेतलेलें, गोंडी शब्द रोमन अक्षरांत आणि त्यांचा अर्थ इंग्रजींत. तें पान पाहतांच मी रात्रीं एकटाच मोठ्यानें "सांपडलें!" असें म्हणालों. गोंडांस महादेवानें गुहेंत कोंडलें, तोंडावर शिळा ठेविली, चौघे निसटले, आणि पुढें लिंगोनें कोंडलेल्यांची सुटका केली, हा कथाभाग तेथें आहे. त्या सुटकेसाठीं बिंदो नांवाच्या मोठ्या पक्ष्याचीं पिल्लें आणण्यास महादेवानें लिंगोस सांगितलें, आणि पिल्लें खाणाऱ्या भयंकर सर्पास लिंगोनें मारलें, हा प्रसंग तर बालवाचकांस विशेष आवडेल.

परंतु जसजसा पुढें वाचीत गेलों, तसतसें लक्षांत आलें, कीं हें गीत व त्या मुलाच्या आजीची कथा एक नव्हेत. छापील गीतांत गोंड कोंडले गेले ते धवलगिरीच्या गुहेंत; आणि निसटलेले चौघे ज्या ठिकाणीं आश्रयास आले त्याचें नांव काचीकोपा लोहगड, म्हणजे तांबड्या डोंगरांतील लोखंडाची दरी. तेंच नांव आज लोक कचारगडास लावितात. म्हणजे पुस्तकांत जें आश्रयाचें स्थान, तेंच आजीच्या कथेंत बंदिवासाचें. खरें कोणतें? माझ्या जुन्या संवयीनें मी लागलाच म्हणालों, "पुस्तकांतलें." मग विचार केला, कीं हिस्लॉपसाहेबांनीं तरी तें कोठून आणलें? ऐकूनच ना? त्यांचें पुस्तक हीहि एक ऐकीव गोष्टच होय. फक्त ती दीडशें वर्षांपूर्वीं कोणीं मन लावून ऐकली, एवढाच भेद.

पुढचीं दोन पुस्तकें थोडक्यांत सांगतों. कॅप्टन फॉरसिथ यांनीं मध्य हिंदुस्थानांतील डोंगराळ मुलखावरील आपल्या १८७१ च्या ग्रंथांत तेंच गीत इंग्रजी पद्यांत सजवून दिलें. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जाति-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत गोंडांविषयींच्या प्रकरणांत तीच कथा पुन्हां आली. माहितीच्या दृष्टीनें हा ग्रंथ अमोल आहे; पण वाचतां वाचतां एक गोष्ट खटकली. एका परधानानें एकदां सांगितलेलें गीत पन्नास वर्षें एका पुस्तकांतून दुसऱ्यांत चालत राहिलें.

चौथें पुस्तक आपल्याच समाजांतील एका गृहस्थाचें. शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती घराण्यांतले. व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर १९३२ सालीं ते मंडला जिल्ह्यांतील करंजिया येथें जाऊन राहिले, आणि तेथील लोकांत त्यांनीं आयुष्य घालविलें. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यांतील परधानांवर त्यांचें इंग्रजी पुस्तक १९४६ सालीं निघालें. परधान म्हणजे गोंडांचा भाट; गोंड हा थोरला भाऊ व परधान धाकटा, असें तें नातें. आपल्या बाना नांवाच्या वाद्यावर तो थोरल्या भावाच्या कुळाच्या कथा गातो. हिस्लॉपसाहेबांनीं ज्याचें गीत लिहून घेतलें त्या गायकाच्या जातीचें सुखदुःख मला या पुस्तकांत प्रथम दिसलें. शामरावांचें पुस्तक वाचून मला थोडी लाजहि वाटली. माझ्यासारखाच मराठी बोलणारा, माझ्याच धर्मांत वाढलेला एक मनुष्य रानांत जाऊन वर्षानुवर्षें ऐकत राहिला. आणि माझ्या वर्गांत समोर बसलेल्या मुलाचें दीड पान मला ऐकवलें नाहीं.

श्रावणांत, मन जरा खिन्न झालें असतां, मीं 'स्मृतिचित्रें' पुन्हां वाचावयास घेतलें. लक्ष्मीबाई टिळकांचें हें आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या वर्षांत चार भागांत प्रसिद्ध झालें. आपल्या बहुतेक घरीं तें असेल, नसल्यास अवश्य असावें. या विषयाशीं त्याचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध दोन आहेत. पहिला आपल्या लोहमार्गाचा. १८९३ सालीं टिळक नागपुराहून राजनांदगांवास निघाले, तेव्हां गाडींत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें त्यांच्याशीं संभाषण केलें, त्यांस नवा करार दिला, व दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. १८९५ च्या फेब्रुवारींत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नागपुराहून नांदगांवास जाणारी गाडी गोंदिया, सालेकसा व डोंगरगड यांवरूनच जाते. म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजाच्या सर्वांत मोठ्या कवीच्या हातीं नवा करार आला, तो याच वाटेवर! त्या गाडीच्या खिडकींतून कचारगडचे डोंगर दिसले असतील. परंतु तेथें कोणाची कथा आहे, हें टिळकांसहि कोणीं सांगितलें नसेल.

दुसरा संबंध अधिक जवळचा. लक्ष्मीबाई कोणत्याहि शाळेंत गेल्या नव्हत्या. त्यांनीं जें लिहिलें, तें स्वतः पाहिलेलें, सोसलेलें, घरांत बोललेलें. "पुस्तकाचा आधार द्यावा," असा शेरा माझ्यासारख्या एखाद्या शिक्षकानें त्यांच्या पहिल्याच पानावर मारला असता, तर मराठी भाषा केवढ्या धनास मुकली असती!

शेवटचें पुस्तक हिंदींत आहे : डॉ. मोतीरावण कंगाली यांचें 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन'. कंगाली हे स्वतः गोंड. नागपुरास रिझर्व्ह बँकेंत नोकरी करीत त्यांनीं आपल्या समाजाची भाषा, धर्म व परंपरा यांचा अभ्यास केला. २०१५ सालीं ते वारले. कली कंकालीचीं तेहतीस मुलें, शंभूनें त्यांस गुहेंत केलेली बंदी, त्यांच्यासाठीं झटणारी रायताड जंगो, लिंगो, आणि शिळेखालीं प्राण देणारा वादक हिरासुका पाटालीर, ही जी परंपरा कंगालींनीं मांडली, तीच त्या मुलाच्या आजीची कथा. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ति मला पटली असें नाहीं. परंतु आतांपर्यंतच्या ग्रंथांत गोंडांविषयीं दुसरे बोलत होते. येथें गोंड स्वतः बोलत होता, आणि तो फरक पानोपानीं जाणवत होता.

तुम्ही ख्रिस्ती असून दुसऱ्याच्या देवांच्या कथा इतक्या आस्थेनें कशा वाचल्या, असें एका पालकांनीं मला विचारलें. त्यांस मीं लूकाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचावयास सांगितला. ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें त्यांनीं सांगितलें, आणि तें नीट शोधून मी लिहितों, असें लूक तेथें स्पष्ट म्हणतो. आपलें शुभवर्तमानहि लिहिलें जाण्यापूर्वीं सांगितलें गेलें होतें. कोणीं तरी तें आदरानें ऐकून घेतलें, म्हणून आपणांस मिळालें. माझी श्रद्धा जेथें होती तेथेंच आहे. शेजाऱ्याचें ऐकून घेतल्यानें ती उणी झाली नाहीं. माझा ताठा मात्र थोडा उणा झाला.

भाद्रपदांत मीं त्या विद्यार्थ्यास घरीं बोलाविलें व सर्व सांगितलें. हिस्लॉपसाहेबांचें पान दाखविलें. रोमन अक्षरांतले गोंडी शब्द तो हळूहळू लावूं लागला. एके ठिकाणीं त्याचा चेहरा उजळला, कारण तो शब्द त्याच्या घरांतला होता. मग तो म्हणाला, "पण गुरुजी, माझी आजी कांहीं ठिकाणीं यांहून निराळें सांगते." मीं त्यास एक कोरी वही दिली व म्हटलें, "मग तें तूं लिहून आण. आधार म्हणून खालीं आजीचें नांव लिही."

दिवाळीच्या सुटींतून तो वही भरून परत आला. अकरा पानें सुवाच्य अक्षरांत लिहिलीं होतीं. मध्येंच एक पान अगदीं कोरें होतें. तें कां, असें विचारतां तो म्हणाला, "तेवढा भाग आजीस आठवत नाहीं. तो तिच्या थोरल्या बहिणीस येत होता. ती गेल्या उन्हाळ्यांत वारली."

उन्हाळ्यांत ती म्हातारी हयात होती. निबंध तर मीं त्या आधींच्या हिंवाळ्यांत तपासला होता. तेव्हां मीं ती वही दिली असती तर?

विद्यार्थिमित्रांनो, पुस्तकें वाचा. त्यांच्यावांचून मला हिस्लॉपसाहेब भेटले नसते, शामराव भेटले नसते. परंतु प्रत्येक पुस्तकाच्या मागें कोणी तरी सांगणारा व कोणी तरी ऐकणारा असतो, हें विसरूं नका. तुमच्या घरीं आजी, आजोबा असतील, तर या सुटींत त्यांच्यापाशीं बसा, आणि जवळ वही असूं द्या. पालकांसहि माझी विनंति आहे, कीं मूल ऐकावयास बसलें असतां त्यास "अभ्यास कर" म्हणून उठवूं नये. तोहि अभ्यासच आहे.

त्या निबंधावरील माझा तांबडा शेरा मीं खोडून टाकिला आहे. वहींतलें तें कोरें पान मात्र मला भरतां येत नाहीं.