सिन्नर येथील पाषाणदर्शन

आपल्या धाराशिव जिल्ह्यास दगडाचा तोटा कधीच नव्हता. नळदुर्गचा किल्ला दगडाचा, शेतांचे बांध दगडाचे, आणि विहीर खणावयास घेतली की गाठ पडते तीही दगडाशीच. काळा पाषाण लागला म्हणजे खणणारा कपाळास हात लावतो; मांजऱ्या लागला म्हणजे पाण्याची आशा धरतो. ह्या मांजऱ्याच्या पोकळ्यांत मधूनमधून पांढरे, गुलाबी, चकाकणारे खडे सापडतात. मुले ते खिशात घालतात, वडील माणसे ढिगावर फेकतात. असले खडे विकत घेण्यास जगभरचे लोक जमतात, असे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मुलांस ती थट्टाच वाटली. म्हणून गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलामुलींस घेऊन आम्ही सिन्नर येथील ‘गारगोटी’ संग्रहालय पाहण्यास गेलो.

बीड, अहिल्यानगर, संगमनेर असा तो लांबचा प्रवास. त्याचे वर्णन करून वाचकांस शिणवीत नाही. (मोटारीत कोणाकोणास उलटी झाली, ते पालकांस घरी कळलेच असेल.)

नौदलात सेवा केलेले श्री. के. सी. पांडे यांनी हे संग्रहालय २००१ साली स्थापिले. आत पाऊल ठेवताच मुलांची बडबड थांबली. काचेसारखा हिरवट ॲपोफिलाइट. गव्हाची पेंढी मध्ये आवळून बांधावी तसा गुलाबी स्टिल्बाइट. सुयांचा जुडगा वाटावा असा पांढरा स्कोलेसाइट. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतील कॅव्हान्साइट तर इतका निळा, की एका मुलीने त्यास रंग दिला आहे काय, असे हळूच विचारले. तो रंग त्यातील व्हॅनेडियम ह्या धातूमुळे येतो. हे खनिज प्रथम अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात सापडले. परंतु उत्तम नमुने म्हणून जग ओळखते ते वाघोलीचेच.

ही सारी शोभा आली कोठून? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनची भूमी भेगाळून तप्त शिलारस थरावर थर पसरला. रसातील वायूचे बुडबुडे वर येता येता अडकले, रस थिजला, आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत ऊन पाणी झिरपले, व त्या पाण्यात विरघळलेली द्रव्ये अंधारात हळूहळू साचून स्फटिक वाढले. ह्यांपैकी पुष्कळ खनिजे झिओलाइट कुळातील आहेत. हे नाव स्वीडनच्या क्रोनस्टेट ह्या शास्त्रज्ञाने १७५६ साली दिले. त्याचा अर्थ उकळणारा दगड. कारण तापविला असता त्याच्या अंगचे पाणी फसफसून बाहेर पडते. तेव्हा आपल्या विहिरीवरच्या ढिगात आणि सिन्नरच्या काचेच्या कपाटात जातीचा भेद नाही, इतके मुलांच्या ध्यानी आले.

जगातील अतिशय मोठे खनिजप्रदर्शन दरवर्षी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टूसॉन नगरात भरते. तेथे जाण्याचा योग आम्हांस आला नाही. परंतु त्याचा आरंभ १९५५ साली काही हौशी मंडळींनी एका प्राथमिक शाळेत केला, ही गोष्ट आम्हांस फार आवडते. आज तेथे अनेक देशांचे व्यापारी येतात, आणि त्यांच्या मेजांवर दख्खनचे स्फटिकही असतात. ही ये-जा नवी नव्हे. १८६३ साली पुऱ्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गासाठी सुरुंग लावताना निघालेले स्फटिक विलायतेतील संग्रहांत गेले. त्याच्याही फार पूर्वी, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून गोमेदासारखे दगड आणि आपल्या तेरहून कापड भडोच बंदराकडे गाड्यांतून जात असल्याचा उल्लेख आहे. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयातील प्राचीन मणी ज्यांनी पाहिले नसतील, त्यांनी सिन्नरपूर्वी तेथे जावे. ते घराजवळ आहे.

परतण्याच्या वेळी आमच्या एका विद्यार्थ्याने प्रश्न केला. त्याचे वडील दगडखाणीत सुरुंगाची भोके पाडण्याचे काम करितात. तो म्हणाला, “सर, दगडाचे नाव लिहितात, गावाचे लिहितात. काढणाऱ्याचे का लिहीत नाहीत?”

आम्ही त्यास खरे तेच सांगितले. जगभर अशा नमुन्याच्या चिठीवर खनिजाचे नाव व स्थळ लिहिण्याची रीत आहे. नमुना ज्या ज्या संग्राहकांच्या हातून गेला, त्यांची नावे व जुन्या चिठ्याही जपून ठेवितात, आणि त्यांमुळे किंमत वाढते. परंतु पोकळी उघडी पडताच पहार बाजूस ठेवून, ठिसूळ स्फटिक न मोडता हाताने सोडविणारा मजूर त्या यादीत क्वचितच येतो. मुलगा काही बोलला नाही. मोटारीत मात्र त्याने शेजाऱ्यास सांगितले, की बाबांनी आणलेला असा एक दगड त्यांच्या घरी दिवळीत आहे.

दुसऱ्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी आम्ही ईयोबाच्या ग्रंथाचा २८ वा अध्याय वाचावयास घेतला. ज्ञानाचे मोल गोमेदाने वा नीलमण्याने होत नाही, हे सांगण्यासाठी तो नेहमी वाचला जातो. त्याच्या आरंभी मनुष्यवस्तीपासून दूर, जमिनीच्या पोटात लोंबकळत काम करणाऱ्या खाणकऱ्यांचे वर्णन आहे. तेवढाच भाग त्या मुलाने पुन्हा वाचावयास मागितला.

नंतर तो दिवळीतला दगड शाळेत आला. मुठीएवढा स्टिल्बाइट, एक कोपरा चुलीच्या धुराने काळवंडलेला. धुऊन काढू का, असे त्याने विचारले. आम्ही नको म्हटले. विज्ञानाच्या खोलीतील एक कप्पा रिकामा करून तेथे तो ठेविला आहे. चिठीवर तीन ओळी आहेत: खनिजाचे नाव, खाणीचे शिवार, आणि खाली त्याच्या वडिलांचे पूर्ण नाव. स्नेहसंमेलनाच्या दिवशी वडील येऊन ती चिठी वाचून गेले. कामावरून तसेच आले होते. फार वेळ थांबले नाहीत.

त्यानंतर कपाटात आणखी सहा दगड आले आहेत. त्यांपैकी एक बाटलीच्या काचेचा तुकडा निघाला; तोही आणणाऱ्याच्या आग्रहास्तव, तशी चिठी लावून, खालच्या फळीवर ठेविला आहे.