कपाटाची किल्ली

आमच्या आष्ट्याच्या शाळेत सोनाराकडे असतो त्याहून नाजूक असा एक तराजू होता. काचेच्या कपाटात, कुलपात. १९६३ साली मी आठवीत होतो. तपासणीच्या आदल्या दिवशी तो बाहेर निघे, पण तो पुसण्यापुरता. एकदा धीर करून मी म्हटले, "सर, काही तरी तोलून बघू का?"

"बिघडला तर माझ्या पगारातनं कापतील रे," सर म्हणाले, आणि कुलूप घातले.

त्यांचा मला कितीतरी वर्षे राग होता. पुढे मीच गणित-विज्ञानाचा शिक्षक झालो, जडसंग्रहाच्या वहीत सही करून किल्ली खिशात घातली, आणि राग मावळला. खरे सांगायचे तर माझेही कपाट बहुधा बंदच असे.

यंदा पुतण्याची मुलगी म्हणाली, "तात्या, मला एमएस्सी करून पुढं फिजिक्समध्ये संशोधन करायचंय. बाबांना तुम्हीच सांगा."

पुतण्या ऐकतच होता. "आडसाली ऊससुद्धा दीड वर्षात तुटतो. हिचं कधी तुटायचं?"

मुलीने कायदाच काढला. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन' स्थापण्याचा कायदा मंजूर केला. ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला. त्यात गणिताचे नाव आहे, हे वाचून मला उगीचच बरे वाटले. संशोधनाला पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये; पैकी सुमारे ३६,००० कोटी उद्योगधंदे, देणगीदार यांच्याकडून यायचे. म्हणजे शेकडा ७२! मांडव आपण घालायचा आणि जेवणाचा खर्च पाहुण्यांनी करायचा, असे हे लग्न. २०२०-२१ साली देश शंभर रुपयांच्या उत्पन्नातले ६४ पैसे संशोधनावर खर्चीत होता. तेव्हा पाहुण्यांनी हात आखडला तर काय, हा प्रश्न उरतोच.

पुतण्याला कोटींशी देणेघेणे नव्हते. "हिला काय मिळणार?"

"नेट परीक्षेतून फेलोशिप मिळाली तर महिना ३७,०००. जानेवारी २०२३ पासून तोच दर आहे."

"महिन्याच्या महिन्याला मिळतात?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. कारखान्याच्या बिलाची वाट पाहण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला खोटे काय सांगणार? मी त्याला तराजूची गोष्ट सांगितली. सरांची, आणि आजवर कुणालाच न सांगितलेली माझ्या कपाटाचीही.

तो बराच वेळ बोलला नाही. मग एमएस्सीच्या प्रवेशाला पैसे किती लागतात, एवढे मात्र त्याने विचारले.